सात पेरांचा पाय

चीनच्या ईशान्येकडच्या लिआओनिंग प्रांतात दगडाची पाटी फोडली, की आतून काय निघेल याचा नेम नसतो. पिसांचा डायनासोर निघेल, मासा निघेल, नाहीतर पंख पसरलेला चतुर. साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वी इथे तळी होती आणि आसपास ज्वालामुखी धुमसत होते. तळ्यात जे पडलं ते राखेच्या मऊ गाळात अलगद दबून गेलं. भूवैज्ञानिक या खडकांना यिश्यान थर म्हणतात. गावकऱ्यांना मात्र त्यांची ओळख जोडधंदा म्हणूनच जास्त. पाट्या फोडायच्या, निघालेला माल विकायचा. अशाच वाटेने एक पाटी दालियनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पोहोचली. तिच्यावर पाय फाकून बसलेला, भलामोठा कोळी होता.

२०१९ साली चिनी संशोधकांनी ‘ॲक्टा जिऑलॉजिका सिनिका’ या नियतकालिकात त्याचं रीतसर बारसं केलं. नाव ठेवलं ‘मंगोलॅराक्नी चाओयांगेन्सिस’. डायनासोरच्या काळातला एवढा मोठा कोळी म्हटल्यावर जीवाश्म कोळ्यांच्या जाणकारांचे कान टवकारले. या जाणकारांत अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे पॉल सेल्डन यांचं नाव पहिल्या रांगेतलं. शोधनिबंध त्यांनी वाचला, पण त्यात तपशील फारच थोडा होता. मग बीजिंगमधल्या सहकाऱ्यांनी तो नमुना उसना मागून घेतला आणि सेल्डन यांनी तो प्रत्यक्ष पाहिला. काहीतरी चुकलंय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. कोळ्याला हवेत असे काही अवयव जागेवर नव्हते. डोळे अवाच्या सवा मोठे होते. आणि पायांत पेरं जास्त होती.

पेरं मोजणं हे काम दिसायला किरकोळ आहे. पण जीवाश्म कोळ्यांचं सगळं शास्त्र अशाच मोजणीवर उभं आहे.

आठ पायांनी भागत नाही

आठ पाय दिसले की आपण ‘कोळी’ म्हणून मोकळे होतो. पण आठ पाय विंचवालाही असतात, गोचिडीलाही असतात आणि काड्यांसारख्या लांब तंगड्यांच्या हार्वेस्टमनलाही असतात. चीनच्या उत्तरेकडच्या इनर मंगोलियातल्या दाओहुगोऊ गावाजवळ जिथे ज्युरासिक काळातले कोळी सापडले, तिथेच त्याच काळातले हार्वेस्टमनही सापडले आहेत. तेव्हा पहिली पारख कमरेची. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात: पुढे डोकं आणि छाती एकत्र जुळलेलं शिरोवक्ष, मागे पोट, आणि दोहोंमध्ये बारीक देठासारखी कंबर. हार्वेस्टमनला अशी कंबर नसते. त्याचं सगळं अंग म्हणजे एक गोळी.

दुसरी पारख पायांची. कोळ्याच्या प्रत्येक पायाला सात पेरं असतात. खुबा, त्याला जोडणारं छोटं पेर, मांडी, गुडघा, नडगी, घोटा आणि पाऊल. ही नावं शास्त्रज्ञांनी माणसाच्या पायावरूनच उचलली आहेत. तोंडाजवळ पायांसारखीच, पण आखूड अशी आणखी एक जोडी असते. तिला पेडिपाल्प म्हणतात आणि तिच्यात एक पेर कमी, म्हणजे सहाच. मोजताना आठ किंवा नऊ पेरं भरली तर ते जनावर कोळी नाही, इतका हा हिशेब पक्का आहे.

तिसरी पारख सुताची. पोटाच्या टोकाशी बोटांसारखे बारीक अवयव असतात. त्यांच्यावरच्या सूक्ष्म नळ्यांतून सूत बाहेर पडतं.

चौथी पारख सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत बोलकी. वयात आलेल्या नराच्या पेडिपाल्पचं टोक लवंगेच्या बोंडासारखं फुगतं. त्या बोंडात नर आपलं वीर्य भरून घेतो आणि मादीपर्यंत नेतो. जिवंत सृष्टीत ही तऱ्हा फक्त कोळ्यांची. शिवाय प्रत्येक जातीचं बोंड वेगळं. कुठे आकडा, कुठे पीळ, कुठे सुईसारखी नळी. मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची ताटलीही अशीच जातीगणिक वेगळी असते. म्हणून आजचे कोळी ओळखणारा अभ्यासक रंग आणि नक्षी फारशी विचारात घेत नाही. तो कोळ्याला सूक्ष्मदर्शकाखाली घालतो आणि सरळ या दोन जागा बघतो. जगात आज कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींचा निवाडा इथेच झालेला आहे.

जीवाश्मात नेमक्या याच जागा दगा देतात. मादी पाठीवर दाबली गेली असेल तर ताटली दिसते, पोटावर दाबली गेली असेल तर नाही. नराचं बोंड चेपून त्याचा नुसता ठिपका उरतो. पिल्लू असेल तर यांतलं काहीच तयार झालेलं नसतं. आणि कधी कधी हाती येतो तो कोळी नसून त्याने टाकलेली कात असते. त्यामुळे जातीचा प्रश्न बाजूला राहतो आणि अभ्यासकाला कुळापर्यंत पोहोचण्यासाठी दुसरे धागे धरावे लागतात: डोळ्यांची मांडणी, पायांवरचे केस, पावलाच्या टोकाला नख्या दोन की तीन, जबड्याचा रोख कुठे.

जबड्याचंच पाहा. पश्चिम घाटात आढळणाऱ्या टॅरंटुलाचे विषदंत एकमेकांना समांतर असतात आणि वरून खाली घाव घालतात, दोन कोयते एकदम मारावेत तसे. घरात जळमटं करणाऱ्या कोळ्याचे विषदंत एकमेकांसमोर येतात, सांडशीसारखे. दगडात फक्त डोक्याचा भाग नीट उरला असेल तरी एवढ्यावरून जनावर कोळ्यांच्या कोणत्या मोठ्या शाखेतलं ते सांगता येतं. फ्रान्सच्या व्होज डोंगरातल्या वालुकाश्मात काही मिलिमीटर लांबीचे कोळी सापडले. ते सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे, ट्रायासिक काळातले. पॉल सेल्डन आणि जाँ-क्लोद गाल यांनी १९९२ मध्ये त्यांना ‘रोझामायगॅली’ हे नाव दिलं आणि टॅरंटुलाच्या शाखेत बसवलं. त्या शाखेचा तेव्हा ज्ञात असलेला तो सर्वांत जुना पुरावा होता. डायनासोर नुकते कुठे डोकं वर काढत होते, त्या सुमाराची ही गोष्ट.

दगडातला आणि राळेतला

कोळ्याला हाडं नाहीत, कवच जाड नाही, पोट तर पाण्याच्या फुग्यासारखं. असं जनावर मेलं की सहसा मागे काही उरत नाही. जगभरातून नावानिशी नोंदले गेलेले जीवाश्म कोळी म्हणूनच दीड हजाराच्या आतबाहेर आहेत, तेही सगळे काळ धरून. जे टिकले ते बहुतेक दोनच ठिकाणी: तळ्याच्या अतिशय बारीक गाळात, किंवा झाडाच्या राळेत.

गाळातला कोळी चपटा होतो. पाटी फुटली की त्याचेही दोन भाग होतात, एक या फाकीवर, एक त्या फाकीवर. कधी गुडघा इकडे राहतो आणि नडगी तिकडे जाते, म्हणून दोन्ही फाकी हाताशी असाव्या लागतात. कोरड्या दगडावर दिसतो तो एक तपकिरी डाग. अभ्यासक त्यावर थोडा अल्कोहोल सोडतो. ओल पसरते तसा दगड गडद होतो आणि डागातून आकार वर येऊ लागतात: पायाची कड, पेरांमधली फट, नडगीवरचे काटे, मग एकेक केस. अल्कोहोल उडून जायच्या आत पाहून घ्यायचं, फोटो काढायचा, पुन्हा थेंब सोडायचा. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशाच्या यंत्रातून कागदावर हाताने रेखाटनही केलं जातं, कारण पेन्सिल धरली की प्रत्येक रेघेपाशी थांबून ठरवावं लागतं: ही पायाची कड आहे की दगडाची चीर?

राळेतल्या कोळ्याची कथा उलटी. तो चपटा होत नाही. अंगावरच्या केसांसकट, डोळ्यांसकट जसाच्या तसा राहतो. पण राळेचे ओघळ, हवेचे बुडबुडे आणि कचरा नेमके हव्या त्या जागी आडवे येतात. अंबराचा, म्हणजे दगड झालेल्या राळेचा, खडा घासून, पैलू पाडून आतवर खिडकी करावी लागते. तेवढ्यानेही भागलं नाही तर सीटी स्कॅन करतात, मग खडा न फोडता संगणकावर कोळी उलटासुलटा फिरवून बघता येतो. राळेचा आणखी एक पक्षपात असतो. तिच्यात अडकतात ते बहुतेक झाडाच्या बुंध्यावर वावरणारे आणि अंगाने लहान. मोठा कोळी पाय सोडवून निघून जातो.

डायनासोरच्या काळातल्या अंबराची सर्वांत श्रीमंत खाण म्यानमारच्या काचिन राज्यात, हुकाँग खोऱ्यात आहे. तिथल्या राखेतल्या झिरकॉन स्फटिकांवरून या अंबराचं वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं ठरलं आहे. भूचुंबकीय मोजमापं सांगतात, की तो भूभाग तेव्हा आशियाला चिकटलेलाही नव्हता. विषुववृत्ताजवळचं ते एक बेट होतं. या खाणींना अलीकडे रक्ताचाही वास आहे. अंबराच्या धंद्यातला पैसा आणि काचिनमधला सशस्त्र संघर्ष एकमेकांत गुंतल्यामुळे अनेक जीवाश्म अभ्यासकांनी तिथला नवा माल घेणं थांबवण्याचं आवाहन केलं आहे.

भारतातही अंबरात कोळी सापडले आहेत, ते सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत. पण ते सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे. तोवर डायनासोर संपून दीड कोटी वर्षं उलटली होती.

नेफिला, जी नेफिला नव्हती

पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीतल्या कुठल्याही जंगलवाटेवर चेहऱ्यासमोर अचानक सोनेरी झाक असलेलं प्रचंड जाळं येतं आणि मध्यभागी हाताच्या पंजाएवढी काळी-पिवळी कोळीण लटकलेली असते. ती नेफिला. इंग्रजी नावाने ‘जायंट वुड स्पायडर’ म्हणून ती ट्रेकिंग करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. त्याच जाळ्याच्या कडेला नीट पाहिलं तर पाचसहा मिलिमीटरचा तांबूस नर दिसतो. मादीचं शरीर चारपाच सेंटिमीटर, आणि हा तिच्यापुढे किडामुंगी.

२०११ मध्ये सेल्डन आणि त्यांचे बीजिंगचे सहकारी चुंगकुन शिह व दाँग रेन यांनी दाओहुगोऊच्या १६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या राखेच्या थरातून एक मादी जगासमोर आणली. शरीराची लांबी जवळपास अडीच सेंटिमीटर, पाय पसरले तर सुमारे १५ सेंटिमीटर. एवढा मोठा जीवाश्म कोळी त्याआधी कुणी पाहिला नव्हता. अंगलट, पायांची ठेवण, नडग्यांवरचे केसांचे झुबके, सगळं नेफिलाशी मिळतंजुळतं. त्यांनी नाव दिलं ‘नेफिला जुरासिका’. या एका नावाने नेफिला या वंशाचा इतिहास एका फटक्यात सुमारे १३ कोटी वर्षांनी मागे गेला. कोळ्यांचा इतका दीर्घायुषी वंश दुसरा माहीत नव्हता. डायनासोरांच्या डोक्यावर सोनेरी जाळी लोंबत होती, अशी चित्रं वर्तमानपत्रांनी रंगवली.

मग त्याच गावाजवळ, त्याच थरात नर सापडला.

तो नेफिलाचा असता तर चिमुकला निघायला हवा होता. हा तर मादीच्या मानाने फार लहान नव्हताच. पेडिपाल्प लांबलचक होते आणि त्यांची घडण आजच्या नेफिलाच्या नरासारखी नव्हती. मादीकडे पाहून जे जुळलं होतं ते नराकडे पाहून सुटलं. याच तिघांनी २०१३ मध्ये आपलं आधीचं नाव मागे घेतलं आणि या कोळ्यासाठी नवा वंश केला, ‘मंगोलॅराक्नी’. तेवढ्यावर न थांबता ‘मंगोलॅराक्निडी’ हे नवं कुळही स्थापलं. आता तो नेफिलाचा पूर्वज उरला नाही. चाकासारखी गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा जो मोठा वृक्ष आहे, त्याच्या बुंध्यापाशी फुटून पुढे वाळून गेलेली ती एक फांदी ठरली.

वर्गीकरणातला हा फरक नुसत्या नावाचा नाही. जनुकांतल्या बदलांवरून दोन जाती किती काळापूर्वी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधणारे संशोधक आपलं घड्याळ जीवाश्मांवरूनच लावतात. ज्युरासिक काळात खरीखुरी नेफिला होती असं एकदा धरलं, की कोळ्यांच्या अर्ध्या वंशावळीच्या तारखा मागे ढकलाव्या लागतात. एका पेडिपाल्पने ती सगळी ओढाताण वाचवली.

दाओहुगोऊनेच उलट टोकाचं उदाहरणही दिलं आहे. तिथला ‘इओप्लेक्ट्रुरिस’ हा लहानखुरा कोळी २०१० मध्ये वर्णिला गेला. त्याची ठेवण आजच्या प्लेक्ट्रुरिड कुळातल्या कोळ्यांशी इतकी जुळते, की १६.५ कोटी वर्षं मध्ये गेली यावर विश्वास बसू नये. गंमत म्हणजे ते कुळ आज फक्त अमेरिका, मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशात उरलं आहे, आणि त्याचा जुना पत्ता निघतो चीनमध्ये. म्हणजे साम्य दरवेळी फसवंच असतं असंही नाही. ते कुठल्या अवयवात आहे, यावर सगळं अवलंबून.

विजेरीच्या उजेडात

रात्री गवतावर विजेरी टाका, कपाळाशी धरून. जमिनीवर हिरवट-निळे ठिपके लुकलुकतात. ते दवाचे थेंब नसतात, लांडगा-कोळ्यांचे डोळे असतात. त्या डोळ्यांच्या तळाशी मांजराच्या डोळ्यासारखा परावर्तक पडदा असतो. आत गेलेला उजेड तो परत फेकतो आणि अंधारात शिकार करणाऱ्याला तेवढ्याच उजेडाचा दोनदा उपयोग होतो.

दक्षिण कोरियातल्या जिंजू इथल्या काळ्या शेलमध्ये असे डोळे ११ कोटी वर्षांनंतरही चमकताना सापडले. कोरियाच्या ध्रुवीय संशोधन संस्थेचे ते-युन पार्क, डेजॉन इथल्या विज्ञान शाळेतले शिक्षक के-सू नाम आणि सेल्डन यांनी २०१९ मध्ये त्यांचं वर्णन केलं. काळ्या दगडावर चंदेरी टिकल्यांसारखे हे कोळी दिसतात आणि त्यांतल्या दोघांच्या डोक्यावर चंद्रकोरीसारख्या, होडीच्या आकाराच्या दोन लखलखत्या खुणा आहेत. जीवाश्मात कोळ्याच्या डोळ्यातला हा पडदा त्याआधी कुणी नोंदवला नव्हता. अंबरात डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो, पण आतली रचना कळत नाही. इथे दगडात चेपला गेल्यामुळेच डोळ्याचा तळ उघडा पडला.

हे दोघे लॅगोनोमेगोपिडी या नामशेष कुळातले. या कुळाचं नाव १९९५ मध्ये, सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातल्या अंबरावरून पडलं. डोक्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बटबटीत डोळे, ही त्यांची खूण. तिच्यामुळे हे कोळी ओळखायला सर्वांत सोपे. उड्या मारणाऱ्या आजच्या कोळ्यांचेही दोन डोळे मोठे असतात, पण ते समोर असतात, कोपऱ्यांत नव्हे. त्यामुळे मोठे डोळे दिसले म्हणून नातं जोडता येत नाही. दोन्ही घराण्यांनी नजर स्वतंत्रपणे कमावली. म्यानमारच्या अंबरात याच कुळातली एक मादी अंड्यांच्या पिशवीला बिलगलेली सापडली, आणि दुसऱ्या खड्यांत नुकती बाहेर पडलेली पिल्लं एकत्र. २०२१ मध्ये ही जोडणी प्रसिद्ध झाली तेव्हा क्रिटेशस काळातली कोळीण पिल्लांची राखण करत असे, याचा हाती लागणारा पुरावा मिळाला.

शेपटीचा पेच

५ फेब्रुवारी २०१८ या दिवशी ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकदम आले. विषय एकच होता: म्यानमारच्या अंबरातला, जेमतेम अडीच मिलिमीटर अंगाचा एक प्राणी. सूत काढणारे अवयव होते, आठ पाय होते, आणि नराच्या पेडिपाल्पला ते बोंडही होतं. इथवर सगळं कोळ्याचं. पण पोटाच्या मागून शरीराहूनही लांब, तीनएक मिलिमीटरची, पेरापेरांची शेपटी निघाली होती. शेपटी असलेला कोळी आज पृथ्वीवर नाही. सिंहाचं तोंड, बोकडाचं धड आणि सापाची शेपटी असलेल्या ग्रीक पुराणातल्या कायमेराची आठवण ठेवून त्याला ‘कायमेराराक्नी’ हे नाव मिळालं.

दोन गटांकडे दोन-दोन नमुने होते, प्राणी एकच होता, पण निकाल वेगवेगळे लागले. एका गटाच्या मांडणीत तो कोळ्यांच्या अगदी लगत बसला. दुसऱ्या गटाने त्याला युरॅरॅनिडा नावाच्या जुन्या, शेपटीवाल्या घराण्यात टाकलं. या घराण्याची ओळख पटायलाही असाच वेळ लागला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या गिलबोआच्या सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून ॲसिडने सोडवलेले कातडीचे तुकडे १९८७ मध्ये आधी एका वेगळ्याच गणात जमा झाले. १९९१ मध्ये त्यांना जगातला सर्वांत जुना कोळी म्हटलं गेलं. २००८ मध्ये पुन्हा पाहणी झाली. सुताच्या नळ्या होत्या, पण त्या बोटांसारख्या अवयवांवर नव्हे, तर पोटाखालच्या पट्ट्यांवर. आणि शेपटीचे तुकडेही त्याच प्राण्याचे निघाले. ‘अटरकोपस’ नावाचा हा प्राणी कोळी नाही, असा शेवटचा निवाडा ज्यांनी दिला त्यांत सेल्डन होते, आणि त्याला कोळी ठरवणाऱ्यांतही तेच होते.

‘कोळी’ या शब्दाची रेघ नेमकी कुठे ओढायची, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो. सूत आलं तिथे ओढली तर अटरकोपसही आत येतो. बोंड आलं तिथे ओढली तर तो बाहेर जातो आणि कायमेराराक्नी आत येतो. शेपटी गेली तिथे ओढली तर दोघेही बाहेर.

आधी मेलेला, मग जिवंत

एका कुळाच्या बाबतीत तर जीवाश्मांनी जिवंत कोळ्यांवर मात केली. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात १८५४ मध्ये एक विचित्र कोळी नोंदवला गेला. मान बगळ्यासारखी उंच, आणि त्या उंचीवरून खाली लोंबणारे लांब जबडे. असं जनावर जिवंत कुणी पाहिलं नव्हतं. १८८१ मध्ये मादागास्करहून त्याचा जिवंत भाऊबंद आला. हे आर्किडी कुळातले कोळी आज मादागास्कर, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात आढळतात. ते दुसऱ्या कोळ्यांना खाऊन जगतात. लांब जबड्यावर भक्ष्याला टोचून अंगापासून दूर धरतात, म्हणजे उलटा दंश बसत नाही. बाल्टिक अंबर डायनासोरनंतरचं, पण या कुळाच्या खुणा पुढे म्यानमारच्या अंबरात मिळाल्या आणि दाओहुगोऊच्या ज्युरासिक दगडातही. मान इतकी ठळक, की इथे पेरं मोजण्याची वेळच येत नाही.

कोळी न सापडताही कोळ्याचा माग लागतो. लेबनॉनच्या सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात काही मिलिमीटरचा एकच धागा आहे, आणि त्यावर दवासारखे डिंकाचे मणी ओळीने लागलेले आहेत. म्हणजे चिकट जाळ्याची युक्ती तेव्हाच ठरलेली होती. स्पेनमधल्या तेरुएल प्रांतातल्या सान हुस्त इथल्या अंबरात ११ कोटी वर्षांपूर्वीच्या जाळ्याचा तुकडा आहे. त्यात एक माशी, एक माइट, भुंगेऱ्याचा पाय आणि परजीवी गांधीलमाशी असा एका दिवसाचा गल्ला तसाच अडकून राहिला आहे. विणणारा कोण होता, ते नाव मात्र कुणालाच देता आलेलं नाही.

पाटीवरचे चार रंग

आता लिआओनिंगच्या त्या पाटीकडे परत जाऊ. सेल्डन नमुन्याभोवती घुटमळत राहिले. कोळी नाही, हे नक्की. मग काय? कोडं सोडवलं चुंगकुन शिह यांनी. त्या थरात क्रेफिश पुष्कळ निघतात, हे त्यांना माहीत होतं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला जीव, आपल्या शेवंडाचा चुलतभाऊ. हे तेच तर नाही?

ती किल्ली लागताच कुलूप उघडलं. भलेमोठे डोळे क्रेफिशचे. जास्तीची पेरं क्रेफिशची. शेपटीचा भाग कोळ्याचं पोट म्हणून खपून गेला होता. नमुना मुळातच वाईट अवस्थेतला, त्यामुळे ओळख पटणं अवघड आणि फसवणं सोपं. पण काही पाय तर स्पष्टच कोळ्याचे दिसत होते. ते कुठून आले?

कॅन्सस विद्यापीठात ॲलिसन ऑलकॉट आणि मॅट डाउनेन यांनी पाटी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. या यंत्रात प्रत्येक पदार्थ आपापल्या रंगात उजळतो. पाटीवर चार रंग उमटले. पांढरा शुभ्र चमकला तो सिमेंट. फुटलेल्या पाटीचे तुकडे जोडून वरून लिंपलेलं होतं. निळा होता तो मूळ दगड. तांबडा बहुधा क्रेफिशच्या अंगातल्या खनिजाचा. आणि पायांच्या रेघांवर पिवळा, म्हणजे तेलावर आधारलेला रंग. कुणीतरी ब्रश घेऊन बसलं होतं आणि हात सफाईचा होता. फुटक्या क्रेफिशला फारसा भाव नाही, मोठ्या कोळ्याला आहे.

जीवाश्मांच्या बाजारात हे नवं नव्हतं. याच लिआओनिंगमधून १९९९ मध्ये ‘आर्किओरॅप्टर’ आला होता. पक्षी आणि डायनासोर यांच्यामधला दुवा म्हणून गाजलेला तो नमुना वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून केलेला निघाला. चूक प्रामाणिक असली तरी फजिती चुकत नाही, याचा दाखला अर्जेंटिनाचा. तिथल्या ‘मेगाराक्नी’ला १९८० पासून पाव शतक जगातला सर्वांत मोठा कोळी मानलं गेलं. २००५ मध्ये तो समुद्रविंचवांच्या गटातला जलचर ठरला. आधी त्याला कोळी म्हणणारे मारिओ हुनिकेन स्वतः त्या दुरुस्तीच्या शोधनिबंधाचे सहलेखक होते.

लिआओनिंगच्या पाटीची दुरुस्ती २०१९ सालीच ‘पॅलिओएंटोमॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आली. प्राणिशास्त्राच्या नियमांनुसार एकदा रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव पुसून टाकता येत नाही. ‘मंगोलॅराक्नी चाओयांगेन्सिस’ हे नावही नोंदींत कायम आहे. फक्त ते आता कोळ्यांच्या यादीतून निघून क्रेफिशच्या खात्यावर पडलं आहे.